संसारी विरुद्ध सडे

लुबोश क्रेयसा गावात परत आला त्याला तीन आठवडे झाले होते, आणि एवढ्या दिवसांत ब्रुस्नातल्या एकाही माणसानं त्याला 'यित्का कशी आहे' असं विचारलं नव्हतं. नवरा-बायको वेगळ्या घरांत राहतात आणि गाव त्याबद्दल ब्र काढत नाही, याचा अर्थ दुसऱ्या कुणालाही कळला असता. लुबोशला वाटलं, लोक लाजतात. परदेशात खेळून आलेल्या माणसापुढं आपली माणसं जरा दबतातच, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि दुसरी बिअर मागवली.

शुक्रवार होता. रविवारी गावच्या चर्चच्या संताची जत्रा. त्या दिवशी घरोघरी बदक भाजतात, आणि दुपारी मैदानावर संसारी विरुद्ध सडे असा सामना होतो. लग्न झालेले एका बाजूला, बिनलग्नाचे दुसऱ्या. हरेल त्यानं पिंपभर बिअर पाजायची.

"रविवारी खेळतोयस ना?" एव्झेन पिवोन्कानं विचारलं. एव्झेन म्हणजे गावचा खाटीक आणि क्लबचा अध्यक्ष. लुबोशला पहिला चेंडू त्यानंच दिला होता, आणि पहिली कानफटातही.

"खेळतो की. त्यासाठीच तर आलो."

"कुणाकडून?"

"असं काय विचारता, काका? संसाऱ्यांकडून."

एव्झेननं ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. शेजारी बसलेला बेकरीवाला ओल्ड्रिख एकदम खिडकीबाहेर बघू लागला. तिथं त्याची स्वतःचीच सायकल उभी होती.

"बरं," एव्झेन म्हणाला. "मग ये कठड्याशी."

कठड्याची गोष्ट अशी. गावात कुणाचं लग्न झालं की क्लब निळ्या पट्ट्यांचा एक शर्ट भेट देतो, तोही नवऱ्याला नाही, नवरीला. वर्षभर तो तिच्या कपाटात राहतो. जत्रेच्या दिवशी तिनं तो धुऊन, इस्त्री करून आणायचा आणि मैदानाच्या कठड्याशी सगळ्यांदेखत नवऱ्याच्या गळ्यात टाकायचा. मग तो संसारी. सड्यांचे शर्ट पांढरे, क्लबच्या पिशवीत कोंबलेले, कुबट वासाचे. घटस्फोट झाला की माणूस परत सड्यांत जातो. विधुर मात्र संसाऱ्यांतच राहतो. त्याची बायको देवाघरी गेली, त्याला टाकून नाही गेली. त्याचा शर्ट मुलगी नाहीतर बहीण आणते. हे नियम कुठंही लिहिलेले नाहीत, म्हणून ते कुणाला बदलताही येत नाहीत.

आणि लुबोशचा घटस्फोट झालेला होता.

दोन वर्षांपूर्वी तो कझाकस्तानातून दोन दिवसांसाठी आला होता. गावात नाही, जिल्ह्याच्या कोर्टात. अर्ज यित्कानं केला होता. त्यानं हरकत घेतली नाही, कारण रविवारी सामना होता आणि विमान चुकवून चालणार नव्हतं. "कागदच तर आहे," तो कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणाला. "माझं खेळणं संपलं की फाडून टाकू." आईला सांगू नकोस, एवढंच त्यानं मागितलं, आणि यित्कानं मान हलवली. कोर्टाचा कागद फाडून काही होत नसतं, हे चाळिशीला आलेल्या माणसाला कळायला हवं. पण लुबोशचं सगळं आयुष्य करारांवर गेलं होतं, आणि त्यानं केलेला प्रत्येक करार कुणी ना कुणी मोडलाच होता.

तो बारा गावचं पाणी प्यायलेला होता, आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हे. जिल्ह्याच्या क्लबनं त्याला विशीत स्लोव्हाकियाला उसना दिला, शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसा. तिथून पोलंड. मग सायप्रस. मग ग्रीसमधला एक क्लब, ज्याचा मालक ऐन हिवाळ्यात ऑफिसला कुलूप ठोकून गायब झाला. मग कझाकस्तान, जिथं घामानं भिजलेला शर्ट अंगावरच कडक व्हायचा. मग व्हिएतनाम, जिथं प्रेक्षकांनी त्याच्या नावाचं गाणं रचलं होतं, आणि शेवटी माल्टा, जिथं कुणी काहीच रचलं नाही. गोल त्यानं सगळीकडं मारले. वर्तमानपत्रात चार ओळी येतील एवढे मारले, पाचवी ओळ कधी आली नाही. नव्या देशात गेला की तो आधी तीन गोष्टी शिकायचा: 'इकडं दे', 'माझा आहे' आणि 'पगार कधी'. 'येतो' हा शब्द मात्र तो फक्त आपल्या भाषेत वापरायचा, फोनवर, यित्काशी बोलताना.

सुरुवातीला ती त्याच्याबरोबर गेली होती. पोलंडमध्ये तिनं हौसेनं पडदे शिवले. सात महिन्यांत गाव बदललं, पडदे आखूड पडले. तिनं ते उसवून खाली पट्टी जोडली. मग सायप्रसच्या घराला खिडक्यांऐवजी भिंतभर काचेची दारं निघाली, तेव्हा तिनं पडद्यांची घडी घातली आणि ती ब्रुस्नाला परतली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. मूल झालं नाही. त्यासाठीही नवरा घरी असावा लागतो, असं गावातल्या बायका म्हणायच्या, आणि त्या वेळी त्यांची सहानुभूती कुणाकडं आहे हे वेगळं सांगावं लागत नसे.

आता लुबोशचा हिशेब सरळ होता. रविवारी यित्कानं शर्ट आणून त्याच्या गळ्यात टाकला की झालं. कोर्ट काही म्हणो, सगळ्या गावादेखत तो पुन्हा तिचा नवरा. त्यानंतर बॅग उचलून तिच्या घरी जायचं तेवढं राहील. दुसरं काही उरलंही नव्हतं त्याच्याकडं. गुडघा गेला होता, क्लब गेले होते, व्हिएतनाममधलं गाणं आता दुसऱ्याच्या नावावर बसवलं होतं.

शनिवारी तो तिच्याकडं गेला.

"बूट काढ," ती म्हणाली. तेवढंच स्वागत.

तो मोज्यांवर ओट्याशी उभा राहिला. यित्का जत्रेचे कोलाच करत होती. पिठाच्या गोळ्याला अंगठ्यानं खड्डा पाडायचा आणि त्यात आलुबुखारचा मुरंबा भरायचा. तिचे हात थांबले नाहीत.

"तो शर्ट आहे का गं अजून?"

"कुठला?"

"संसाऱ्यांचा."

"आहे. कपाटात."

"मग उद्या..."

"उद्या मी सॉसेजच्या टपरीवर आहे," ती म्हणाली. "दिवसभर."

"टपरी कठड्याच्या शेजारीच असते ना अजून?"

"तिथंच असते."

"यित्का, मी आता कुठं जाणार नाही. खरंच सांगतो. संपलं ते सगळं."

"माहीत आहे. गुडघा."

"गुडघ्यामुळं नाही म्हणत मी."

तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं आणि ती हसली. ते हसू बघून दुसरा कुणी निमूट बूट घालून निघाला असता. पण आघाडीवर खेळणाऱ्याची खोड वाईट. दहात एक संधी दिसली तरी गोल झालाच असं धरून तो धावत सुटतो. निघताना तिनं त्याला दोन कोलाच कागदात गुंडाळून दिले. शेजारच्या म्हातारीलाही तिनं तसेच दोन दिले होते. लुबोशनं आपले होकार म्हणून खाल्ले.

रविवारी दुपारी आईनं बदक, लाल कोबी आणि क्नेडलीकचे, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या लाटीचे, जाड काप त्याच्या ताटात वाढले.

"लुबोशा, पाठ दुखतेय म्हणालास ना काल?"

"मी? नाही म्हणालो."

"मग आज म्हण. झाडाखाली बस, बिअर पी. काय ठेवलंय त्या मैदानात?"

"आई, माणसं मला बघायला येणार आहेत आज."

"येणार आहेत," आई म्हणाली. "म्हणूनच सांगते." मग तिनं त्याच्या ताटात अजून एक काप टाकला आणि ती आत जाऊन भांडी आपटत बसली. आईला वय झालं की काळजी फार वाटते, असं लुबोशच्या मनात आलं.

मैदान भरलं होतं. अकॉर्डियनवाला रंगात आला होता, टपरीवरून सॉसेजचा धूर येत होता. संसारी कठड्याशी रांगेनं उभे राहिले आणि बायका एकेक करून आल्या. ओल्ड्रिखच्या बायकोनं शर्ट त्याच्या डोक्यातून ओढला आणि मोठ्यानं म्हणाली, "पोट आत घे, गेल्या वर्षीची शिवण उसवलीस." लोक हसले. पोस्टमनला त्याच्या नव्या नवरीनं शर्ट उलटा घातला, लोक आणखी हसले. विधुर मास्तरांचा शर्ट त्यांची मुलगी घेऊन आली.

लुबोश रांगेच्या टोकाला होता. त्यानं स्वेटर आधीच काढून ठेवला होता, उगाच वेळ नको म्हणून. ऑक्टोबरचं वारं अंगाला झोंबत होतं. यित्का टपरीत होती, अगदी समोर, हातात चिमटा. ती लपली नव्हती, पाठही फिरवली नव्हती. एकदा तिनं मान वर करून थेट त्याच्याकडं बघितलं, मग पुढच्या गिऱ्हाइकाला सॉसेज दिलं.

त्याच्या शेजारचा निळा झाला. त्याच्या पलीकडचा कधीच झाला होता. लुबोश उघड्या अंगानं उभा होता आणि कठड्याला टेकलेली शंभर माणसं आपापल्या ग्लासातला फेस निरखत होती.

"थंडी बाधेल त्याला," कुणीतरी बाई हळूच म्हणाली.

एव्झेन पिशवी घेऊन आला. "चल रे."

"थांबा ना काका. गिऱ्हाइकं आहेत तिच्याकडं. येईल."

"लुबोश," एव्झेन म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो त्याच्याशी आयुष्यात बोलला नव्हता. "चल."

त्यानं पिशवीच्या तळातून एक पांढरा शर्ट काढला. तो चुरगळलेला नव्हता, कुबटही नव्हता. कोरा होता, प्लॅस्टिकच्या पाकिटात. पाठीवर नऊ आकडा आणि त्यावर छापलेलं नाव, क्रेयसा. लुबोशनं तो अंगात घातला. पोटावर, खांद्यावर, सगळीकडं बरोब्बर बसला.

"हा कधी करून घेतला?"

"दोन वर्षं झाली," एव्झेन म्हणाला. "म्हटलं जत्रेला आलास तर हाताशी असावा. माप तुझ्या आईनं दिलं. म्हणाली, मोठाच घ्या, आता तो सुटला असेल."

म्हणजे आईला ठाऊक होतं. ओल्ड्रिखला, पोस्टमनला, अकॉर्डियनवाल्याला ठाऊक होतं. यित्कानं शब्द पाळला असेल, पण छोट्या गावात कोर्टाची तारीख लपत नाही. दोन वर्षं सगळं गाव त्याच्यासाठी मूग गिळून बसलं होतं. ही गोष्ट गुपित आहे असं जगात एकाच माणसाला वाटत होतं, आणि तो आत्तापर्यंत शर्टाशिवाय कठड्याशी उभा राहून बायकोची वाट बघत होता.

सड्यांत बहुतेक पोरं विशीतली होती. "काका, तुम्ही पुढंच थांबा," त्यांच्यातला एकजण अदबीनं म्हणाला. "पळू नका. बॉल आम्ही आणून देतो."

त्यांनी खरंच आणून दिला. पहिला गोल लुबोशनं डाव्या पायानं मारला. संसाऱ्यांचा गोलकीपर ओल्ड्रिख चेंडू जाळीतून काढत म्हणाला, "हळू मार रे, उद्या पहाटे मला पाव भाजायचेत." दुसरा गोल त्याच्या कानाजवळून गेला. "व्हिएतनाममध्ये गोलकीपर नसतात का रे?" कठड्यावरून आवाज आला, आणि लोक मनापासून हसले. तिसऱ्याला कुणी हसलं नाही.

जत्रेच्या या सामन्यात असं कुणी खेळत नाही. गुडघे दुखणारे बाप्ये आणि अर्धवट प्यायलेली पोरं, दोन्हीकडून दोन-तीन गोल व्हायचे, मग पिंप फोडायचं. लुबोश मात्र असा खेळत होता की जणू समोर सगळे देश, सगळे मालक, सगळी कुलपं उभी होती. त्याचा राग आता कुणावर होता हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. चौथ्या वेळी ओल्ड्रिख घसरून पडला होता. समोर जाळी मोकळी होती, नुसता पाय लावला तरी चेंडू आत गेला असता. लुबोशनं अंगातला सगळा जोर काढून मारला. चेंडू पडलेल्या ओल्ड्रिखच्या खांद्यावर आदळून आत गेला आणि ओल्ड्रिख खांदा धरून तसाच बसून राहिला.

एव्झेननं शिट्टी फुंकली. "संपला सामना."

"वेळ आहे अजून," लुबोश म्हणाला.

"माझ्या घड्याळात नाही."

पोरांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. "भारी, काका," म्हणाली, आणि आपापल्या मैत्रिणींकडं पांगली. ओल्ड्रिखची बायको नवऱ्याचा खांदा चोळत होती आणि त्याला शिव्या घालत होती. लुबोशची पाठ चोळायलाही कुणी नव्हतं, शिव्या घालायलाही नव्हतं. तो टपरीपुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याला पुढं जायला कुणी जागा करून दिली नाही, मागंही कुणी ढकललं नाही.

त्याचा नंबर आला.

"मोहरी की क्रेन?" यित्कानं विचारलं. क्रेन म्हणजे ते नाकात जाणारं झणझणीत मूळ, किसलेलं.

"का नाही आणलास?"

"मोहरी की क्रेन?"

"यित्का, एवढंच सांग. एक दिवस. सगळ्यांसमोर फक्त गळ्यात टाकायचा होता."

तिनं चिमटा खाली ठेवला. तिनं आवाज चढवला नाही आणि मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून उतरवलाही नाही.

"बारा वर्षं आणला," ती म्हणाली.

"काय?"

"दर सप्टेंबरात तू फोन करायचास. यंदा जत्रेला येतो, सुट्टी मिळाली आहे. मी शर्ट धुवायचे, इस्त्री करायचे आणि तिथं येऊन उभी राहायचे, आज तू होतास तिथंच. सगळ्याजणी आपापल्या नवऱ्याला घालून मोकळ्या व्हायच्या. एव्झेनकाका म्हणायचे, ठेव पोरी बाकावर, येईल उशिरा. मध्यंतर झालं की मी घडी घालून परत न्यायचे."

लुबोशनं वळून कठड्याकडं बघितलं.

"तुझा गुडघा पहिल्यांदा गेला त्या वर्षी तर मला खात्रीच होती," ती म्हणाली. "म्हटलं, खेळणार कुठून, पण येईल, शर्ट घालून उभा तरी राहील. त्या वर्षी मी कॉलरलाही खळ दिली होती."

"त्या वर्षी मी..."

"ग्रीसला गेलास. कुबड्या घेऊन, करार करायला."

"मला कुणी सांगितलं नाही गं. तू तरी सांगायचंस."

"कुणाला सांगायचं? तू यायचास कुठं." तिनं कपाळावरचे केस मनगटानं मागं सारले. "लोक हसले असते ना, तर मी दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं असतं. पण एकही माणूस हसला नाही. सगळे असेच ग्लासात बघत राहायचे. म्हणून बारा वर्षं लागली."

लुबोशला शरम वाटली. दुपारपासून जे जळत होतं ते अपमानाचं होतं, ते सोसता येत होतं. हे निराळं होतं. थोडा वेळ उघड्या अंगानं उभं राहावं लागलं, यापेक्षा मोठी नामुष्की नाही असं त्याला वाटलं होतं, आणि त्याच जागी ही बाई घालायला कुणी नसलेला शर्ट हातात धरून दर वर्षी उभी राहिली होती. इतके देश फिरला, पण त्याची अशी वाट दुसऱ्या कुणी बघितली नव्हती, आणि ज्या एका जागी बघितली जात होती तेवढीच जागा त्यानं कायम सोडून दिली होती.

"आता मी काय करू?" त्यानं विचारलं. त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

"रांग थांबलीय," यित्का म्हणाली. "मोहरी की क्रेन?"

क्रेन त्याला लहानपणापासून सोसत नसे. एका लग्नात चुकून खाल्ला तर डोळे सुजले होते, आणि ते लग्न त्यांचं स्वतःचं होतं.

"मोहरी," तो म्हणाला.

तिनं सॉसेज, पावाचा काप आणि मोहरी पुठ्ठ्याच्या बशीत ठेवून पुढं सरकवली. त्यानं पैशांसाठी हात खाली नेला; खेळायच्या चड्डीला खिसा नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली. "जिंकलेल्यांना फुकट असतं."

मग तिनं त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं. तिथं ओल्ड्रिख दुखरा हात पोटाशी धरून उभा होता. तिचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला.

"ये रे ओल्ड्रिख. तुला नेहमीचंच ना?"